चौथं सॅडल

सायकलीच्या सीटला सीट म्हटलेलं शिवराजला खपायचं नाही. रोडबाइकला सॅडल असतं. फक्त त्याच्या बुडाला झेपेल असं सॅडल अजून या जगात कुणी बनवलं नव्हतं. पहिलं टोचलं. दुसऱ्यावरून तो सारखा घसरत राहिला. तिसऱ्यावर दौलताबादला जाऊन आला, तर घामानं मांड्या अशा सोलवटल्या की सोमवारची मीटिंग त्यानं उभ्यानंच केली. ऑनलाइन मागवलेली तिन्ही सॅडल त्यानं परत पाठवली आणि दर वेळी शेरा एकच लिहिला, "बसण्याच्या लायकीचं नाही."

चौथं थेट इटलीचं आलं. त्याच्यावरूनही सिडकोला दोन चकरा मारून तो फेंगडा चालत घरात शिरला, तेव्हा सिल्लोडहून त्याचे वडील पुंजाराम आले होते. सीटवर पोत्याची घडी टाकून चाळीस वर्षं सायकल हाणलेला माणूस.

"आबा, ह्या कंपनीवाल्यांना माणसाचं बूडच कळत नाय," शिवराज कण्हला.

आबांनी सॅडलवरून हात फिरवला. हाताखाली काहीतरी चुरचुरलं.

"आरं शिवा, ह्याच्यावरचं प्लास्टिक तर तसंच हाय की! आधीच्या तिन्हींचं तरी काढलं व्हतं का?"

सिल्लोडच्या माणसाला व्यवहार कसा तो कळत नाही, अशा नजरेनं शिवराजनं बापाकडं पाहिलं.



"काढलं की परत घेत नाहीत, आबा!"