टॅमझिनच्या फोनवर आलेला कोड

डेव्हनपोर्टची भाज्या गोठवायची फॅक्टरी बंद पडली आणि आपण घरी बसलोय, हे रेलीननं मेलबर्नच्या लेकीला कळू दिलं नव्हतं. नव्या नोकरीत रमलेल्या पोरीच्या जिवाला घोर नको, म्हणून.

पण आज चुकीच्या पासवर्डमुळे रेलीनचं बेकारी भत्त्याचं ऑनलाइन खातं लॉक झालं. पंधरवड्याची कमाई संध्याकाळच्या आत कळवली नाही, तर भत्ता थांबणार होता. आणि खातं उघडायचा कोड जाणार होता टॅमझिनच्या फोनवर, कारण पूर्वी कधीतरी ते सरकारी खातं तिनंच आईला काढून दिलं होतं.

रेलीननं धीर करून फोन लावला. "टॅम, तुला एक कोड आलाय का गं?"

टॅमझिननं आकडे सांगितले. कशाचे, ते विचारलं नाही.

"उघडलं? आता खाली 'उत्पन्न कळवा' दाब. काही मिळालं नसेल तर शून्य लिही, मम. रिकामं सोडलंस तर परत पहिल्यापासून करायला लावतात."

रेलीननं शून्य लिहिलं. 'नोंद झाली' अशी अक्षरं उमटली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग तिच्या लक्षात आलं.

"तुला कसं ठाऊक हे सगळं?"



"सकाळीच मी माझं शून्य भरलं."

"मग इतके दिवस लपवलंस कशाला, वेडे?" रेलीन म्हणाली, आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडताच तिला हसू फुटलं. पलीकडे टॅमझिन आधीच हसत होती.