किरकोळ सत्तर हजार

“सत्तर हजार रुपये, आणि समोर काय लिहिलंय? किरकोळ!” हेमराज उभा राहिला. “ताई, आमच्या धुळ्यात सत्तर हजारांना कोणी किरकोळ म्हणत नाही.”

चाळीसगावच्या मंगल कार्यालयात हशा पिकला. टेबलामागे बसलेली सपना हसली नाही. तिच्या पाठीमागच्या पडद्यावर तिचाच हिशोब झळकत होता.

‘वादळवीर’ ही तीस वर्षांपूर्वीची मुलांची मालिका. रविवारी सकाळी लागायची. एक दिवस ती मध्येच बंद पडली आणि दरीत कोसळलेला वादळवीर दरीतच राहिला. त्याला बाहेर काढायचं सपनाने ठरवलं. ती लग्नांचे व्हिडिओ काढायची. मालिकेचा राहिलेला शेवट आपणच चित्रित करू, चाहत्यांनी चाहत्यांसाठी, अशी हाक तिने फेसबुकवर दिली. जळगाव-धुळ्याकडच्या तीनशे बारा जणांनी मिळून चार लाख दहा हजार रुपये पाठवले. फिल्म दिवाळीला येणार होती. मग गुढीपाडव्याला. आता मे उजाडला होता. शूटिंग संपलं होतं, पण आवाजाचं काम बाकी होतं आणि खात्यात अकराशे रुपये उरले होते. हेमराज दोन महिने ग्रुपवर रोज सकाळी हिशोब मागत होता. सुप्रभातच्या फुलांच्याही आधी त्याचा मेसेज यायचा.

बैठकीचे अध्यक्ष होते फैजपूरचे गिरधर नाना. केळीचे बागायतदार, वय पासष्ट. गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही त्यांचा. पोरांचं नाव सांगून मालिका तेच बघत बसायचे. फिल्मला सगळ्यात मोठी रक्कम त्यांनीच दिली होती, पंचवीस हजार. वर शूटिंगला स्वतःची बाग दिली आणि चार दिवस सगळ्यांना भरीत-पुरी खाऊ घातली.

सकाळपासून नाना एकेक बिल मोठ्याने वाचत होते. कॅमेऱ्याचं भाडं. वादळवीराचा पोशाख. गाडीचं डिझेल. सगळं पैशापैशाने जुळलं. फक्त किरकोळ जुळेना.

“बेटा, याचं बिल?” नानांनी विचारलं.

“ते राहू द्या, नाना,” सपना म्हणाली. “ते सत्तर हजार मी भरते. सहा महिन्यांत.”

“भरते म्हणजे खाल्ले!” हेमराज ओरडला. “आत्ताच्या आत्ता बठ्ठा हिशोब पाहिजे, सगळाच्या सगळा!”

कुजबुज वाढली. नानांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“मी तुझ्यावर भरवसा ठेवला,” ते म्हणाले. “गावातल्या वीस जणांयले पैसे द्यायले लावले. आता त्यायले काय सांगू?”

सपनाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. एक वाक्य बोलली असती तर ती मोकळी झाली असती.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ऋतिका उठली. फिल्मचा कॅमेरा तिने सांभाळला होता. ती तरातरा पुढे आली आणि पर्समधला घडी घातलेला कागद तिने नानांपुढे ठेवला.

“ऋतिका, नको!” सपना म्हणाली.

“दोन महिने तुझं ऐकलं. आता नाही.”

नानांनी चष्मा सारखा केला आणि वाचायला घेतलं. “ड्रोनची भरपाई, रुपये सत्तर हजार. भाड्याने दिलेला ड्रोन विहिरीत पडून निकामी. तारीख बारा जानेवारी...”

ते थांबले.

त्या दुपारी त्यांच्या बागेत जेवणाची सुट्टी झाली होती. सगळे पंगतीला बसले होते. सपना आणि ऋतिका केळीवरून ड्रोन उडवून बघत होत्या. नानांनी लहान मुलासारखा हट्ट धरला, एकदा मले दे. सपनाने रिमोट त्यांच्या हातात दिला. ड्रोन वर गेला, आणखी वर गेला. नाना आनंदाने ओरडले, बोट कुठेतरी भलतीकडे दाबलं गेलं आणि ड्रोन सरळ विहिरीत. नाना पांढरेफटक पडले. तेव्हा सपना हसून म्हणाली होती, “विमा आहे, नाना. एक रुपया लागणार नाही. चला, पुऱ्या गार होतायत.” नंतर घरी नातवंडांना नानांनी हा किस्सा कितीदा तरी रंगवून सांगितला होता.

“विमा नव्हता?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

सपनाने नकारार्थी मान हलवली. “रिमोट मीच दिला होता ना, नाना. आणि तुमचं मीठ खाल्लं होतं आम्ही.”

“नाना, मोठ्याने वाचा!” हेमराज म्हणाला. “ड्रोन पाडला कोणी? नाव असेल ना?”

नानांनी कागद उलटून पाहिला. नाव कुठेच नव्हतं. कागदाची घडी घालून परत दिली असती तरी कोणाला काही कळलं नसतं. सपना डोळ्यांनी तेच विनवत होती.

नाना खुर्ची मागे सारून उभे राहिले.

“नाव लिहायचं राहून गेलं आहे,” ते म्हणाले. “मोबाइल काढ, हेमराज. ग्रुपवर टाक. ड्रोन पाडला गिरधर झुलाल नेहेते यांनी. आणि त्याच्या खाली हेही टाक, बैठकीचे अध्यक्षही तेच होते.”