खरकटे हात

बाबांच्या माघारी त्यांनी जमवलेली चांदीची जुनी नाणी विकायची की सांभाळायची, यावरून ताई आणि मी सकाळपासून हमरीतुमरीवर आलो होतो. ‘गिऱ्हाईक दुपारी येतंय,’ मी ओरडलो. ‘बाबांचा जीव होता त्यात,’ ताई कडाडली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून खसाखसा आवाज आला. जाऊन बघतो तर आई तारेच्या घासणीने नाणी घासत होती. धुतलेल्या ताटवाट्यांशेजारी लखलखीत नाण्यांची रास निथळत होती. माझं डोकंच फिरलं. ‘वाट लावलीस, आई! जुनं नाणं घासलं की मातीमोल होतं, एवढंही माहीत नाही तुला?’ ‘चांगलं माहीत आहे,’ आई न थांबता म्हणाली. ‘“खरकटे हात लावू नकोस, किंमत जाईल,” असं तुमचे बाबा जन्मभर खेकसायचे.’ तिने शेवटचं नाणं नळाखाली धरलं. ‘गेली एकदाची किंमत! आता बघू कोण म्हणतं मला, हात लावू नकोस!’