भाजलेली मान

पाण्याच्या रांगेत आधी मान दाखवायची, मगच घागर भरायची. अनुसयाबाई एकेकीची मान निरखत होत्या. ओझोनचा थर विरल्यापासून दुपारचं ऊन दहा मिनिटांत कातडी भाजायचं, म्हणून तळ्यावर दिवसा पहारा नसे. आणि पावसाअभावी आटत चाललेल्या त्या तळ्यातून कुणीतरी भर दुपारीच पाणी पळवत होतं; वाकून घागर भरणाऱ्याची मान भाजल्याशिवाय राहणार नव्हती. चोर सापडला की त्या घराचं पाणी बंद, असं ठरलं होतं.

सगळ्यांच्या माना कोऱ्या निघाल्या.

“आता तुमच्या सुनेची बघा की,” रांगेच्या टोकाला उभ्या सुनेकडे बोट करत हौसा म्हणाली.

“तिची कशाला? ती दिवसभर घरातच असते.”

“मग एवढ्या उकाड्यात आज केस मोकळे कशाला सोडलेत तिने?”

अनुसयाबाईंनी हात पुढे केला. सून एक पाऊल मागे सरली.