इंदुताईंचं इंग्रजी

‘आय गो. यू गो. शी गोज.’

हा शेवटचा ‘ज’ कोणाला लागतो आणि कोणाला नाही, यावरून इंदुताईंचं सकाळपासून डोकं फिरलं होतं. कापसाची ओटी कमरेला, मोबाईल पोलक्यात, एका कानात वायर. मोबाईलमधला मास्तर एक वाक्य म्हणायचा आणि इंदुताई बोंडं वेचता वेचता त्याच्यामागून तेच म्हणायच्या, जरा जास्तच जोरात.

शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या मथुराबाईंना हसू आलं.

“कायले जीव जाळतं इंदे? या वयात तुले कोन्ता सायब व्हाचं हाय?”

“मले सायब नाई व्हाचं. माह्याच घरात काय बोलून राह्यले, ते मले समजलं पायजे.”

मथुराबाई पुढच्या झाडाकडे वळल्या.

मुकुटबनच्या त्या घरात लग्नानंतर चार वर्षं सून मराठीच बोलली होती. प्रेरणा नागपूरची, वणीच्या एका इंग्रजी शाळेत शिकवायची. मुलाची, पियुषची, नोकरीही वणीलाच. दसऱ्यापासून मात्र काय झालं कोण जाणे, इंदुताई समोर आल्या की दोघं इंग्रजी सुरू करायचे. दार न लावता माणसाला घराबाहेर काढायचं, तसं.

“काय म्हन्ते रे ते?” पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं.

“काही नाही आई, ऑफिसचं,” पियुष म्हणाला आणि त्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं खाली पाहिलं.

नवरा गेल्यावर हे घर आणि वावर इंदुताईंनी एकटीनं सांभाळलं होतं. पोराला शिकवलं होतं. त्याच शिक्षणानं आता त्यांना उंबऱ्याबाहेर उभं केलं, हे त्यांना सहन होईना. मॅट्रिकला त्या इंग्रजीतच नापास झाल्या होत्या आणि त्याच उन्हाळ्यात बापानं लग्न लावून दिलं होतं. म्हणजे या भाषेशी त्यांचं भांडण जुनंच होतं.

आधी त्यांनी अक्षरं गिरवली. मग लक्षात आलं, घरात कोणी लिहून थोडंच दाखवणार आहे? मग नुसता कान लावला. चूल पेटवताना, गोठा झाडताना, कपडे धुताना. म्हशीला ‘कम’ म्हटलं, ‘ईट’ म्हटलं. ती ऐकायची, पण उलट बोलायची नाही, तेवढीच अडचण. एक गोष्ट मात्र त्यांना पक्की कळली. शांत डोक्यानं घोकलेला शब्द सकाळपर्यंत राहत नाही, रागानं घोकलेला जात नाही. आणि त्यांच्याकडे राग भरपूर होता.

त्रास एकच. मास्तर शब्द सुटे सुटे करून सांगायचा. घरातली माणसं ते एकमेकांना चिकटवून टाकायची. कुठं एक संपला आणि कुठं दुसरा सुरू झाला, पत्ता लागायचा नाही.

डोळ्यांना तर सगळं दिसत होतं. प्रेरणानं भाजीतलं तिखट-तेल बंद केलं. पोरगा वाळत चालला होता, सुट्टीच्या दिवशी दुपारभर पडून राहायचा. ही मात्र पहाटे उठून गावाबाहेर झपझप चालायला जायची, बारीक व्हायला. दर आठवड्याला दोघं नागपूरला पळायचे. घर पाहत असतील, दुसरं काय?

शनिवारी प्रेरणा स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. इंदुताई मागच्या दारात तूर पाखडत होत्या. सूप थांबलं.

‘ट्यूसडे’ समजलं. मंगळवार. ‘डोन्ट टेल’ समजलं. सांगू नका. आणि मग तो शब्द आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लीव्ह हर. लीव्ह म्हणजे सोडणं. हर म्हणजे तिला.

इतक्या महिन्यांच्या अभ्यासात पहिल्यांदा त्यांना अख्खं बोलणं समजलं होतं.

रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली. रविवारी दुपारी पियुष आत झोपला होता. प्रेरणा अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होती. इंदुताई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“धिस इज माय हाऊस,” त्या म्हणाल्या. “आय नॉट गो. यू गो. ट्यूसडे नो. टुडे गो.”

प्रेरणाच्या हातातली चादर खाली पडली.

“आई, तुम्ही इंग्रजी...”

“हाव, शिकली मी. तुह्या पापापायी शिकली. पोट्ट्याले उपाशी ठेवतं, माह्यापासून तोडतं, अन् मले एकटी टाकून नागपूरले जातं? काहून? काय वाईट केलं मी तुह्यं?”

“कोण म्हणालं असं?”

“तूच म्हटलं. काल. फोनवर. तीनदा म्हटलं. लीव्ह हर. तिले सोडा. मले अडानी समजतं काय?”

प्रेरणानं आधी आतल्या बंद दाराकडे पाहिलं. मग सासूचं मनगट धरलं आणि त्यांना गोठ्याच्या आडोशाला नेलं. इंदुताईंनी हात हिसडला, पण तिनं सोडला नाही.

“यांनी शपथ घातली होती, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून,” ती हळू आवाजात म्हणाली. “लीव्ह हर नाही, आई. लिव्हर. यांचं लिव्हर पार निकामी झालं. मंगळवारी डॉक्टर माझं अर्धं कापून यांना लावणार आहेत.”