चोवीस तासांचा दिवा

“मी खरं तर आभार मानायला आलेय,” ब्राखा म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. इस्रायलमधल्या हैफाहून आलेल्या या बाईची मावशी नाझी छावणीत मारली गेली होती. त्यामुळे फिर्यादीच्या बाजूने आरोपीची उलटतपासणी घ्यायचा तिलाही हक्क होता. पण आठ महिन्यांत या कोर्टात आभाराची भाषा कुणी काढली नव्हती.

“घ्या! आता फुलं मागवा,” मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं.

आरोपी एवाल्ड हार्टिंग सत्तरीला आला होता. पहारेकऱ्यांचा प्रमुख असताना त्याने माणसांना गोळ्या घातल्या, असा आरोप होता. त्याचं पहिल्या दिवसापासून एकच उत्तर होतं. त्या छावणीत त्याने पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. कागदपत्रं जळून गेली होती. दोन म्हाताऱ्या साक्षीदारांना त्याचा चेहरा ओळखता आला नव्हता. आज काही सिद्ध झालं नाही, तर उद्या तो घरी जाणार होता.

ब्राखाने पिशवीतून जाड काचेचा एक पेला काढून टेबलावर ठेवला.

“माझी आई, गिटल, छावणीच्या धुलाईखान्यात होती. शिपायांचे कोट धुवायची. एक पहारेकरी तिला चोरून पाव पाठवायचा. त्या पावावर आई आणि आणखी चौघी तो हिवाळा तगल्या. मी जन्मले तीही त्यामुळेच.” तिने पेला जवळ ओढला. “आई गेल्या वर्षी गेली. त्या माणसाचं नाव तिला कधी कळलं नाही. पण शेवटचा पाव आला त्याच्या दुसऱ्या दिवसाची तिथी तिने धरून ठेवली होती. दर वर्षी त्या तिथीला ती त्याच्यासाठी दिवा लावायची. अशा पेल्यात मेण असतं, चोवीस तास जळतं. विझला की पेला धुवून कपाटात. मी लहानपणी दूध प्यायले ते याच पेल्यांतून.”

हार्टिंग पेल्याकडे बघत होता.

“दर वर्षी?” त्याने विचारलं.

“तीस वर्षं. तापाने फणफणली होती तेव्हासुद्धा.”

“आणि माझी पोरं साधा फोन करत नाहीत,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला.

त्याचा वकील फेल्टेन उठला. “बाई, तुमचा प्रश्न काय आहे?”

“एवढाच. तो पाव आईपर्यंत कसा पोचायचा, हे यांना ठाऊक आहे का? आईने ते माझ्याशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं.”

“तोंड उघडू नका, हार्टिंग,” फेल्टेन दबक्या आवाजात म्हणाला.

“आठ महिने मिटूनच बसलोय की! रोज उठून राक्षस, राक्षस. कुणीतरी दोन शब्द चांगले बोलतंय, ते तरी ऐकू द्या.” वकिलाचा हात झटकून म्हातारा उभा राहिला. “ओव्हरकोटाच्या अस्तरात. डाव्या बाजूला शिवलेला असायचा. काळा पाव, शहाजिरं घातलेला. कोट धुवायला जायचा आणि ती टाके उसवायची. किडकिडीत पोरगी. डोक्याला निळा रुमाल. तीच ना?”

“तीच,” ब्राखा म्हणाली.

फेल्टेन मटकन खाली बसला.

“म्हणजे हार्टिंग,” न्यायाधीशांनी सावकाश विचारलं, “तुम्ही छावणीत होतात?”

म्हाताऱ्याने वकिलाकडे पाहिलं, मग ब्राखाकडे. “मी पाव दिला ना तिला,” तो म्हणाला. “सांगा ना बाई यांना. मी दिला.”

कारकुनाने ते वाक्य लिहून घेतलं. ब्राखाने पेला रुमालात गुंडाळला, अगदी हळू, आई गुंडाळायची तसा.

“झाले तुमचे आभार मानून?” न्यायाधीशांनी विचारलं.

“झाले. त्याच्यापर्यंत पोचले असतील.” तिने पिशवी खांद्याला लावली. “फक्त एक सांगायचं राहिलं, साहेब. शेवटच्या पावाच्या दुसऱ्या दिवशी अस्तरातला पाव पकडला गेला आणि त्या पहारेकऱ्याला गोळी घातली गेली. हा दिवा आमच्यात जिवंत माणसासाठी लावत नाहीत.”