एकटीपुरता भात

"हे कुठून उतरवलंस?" पाठारे बाईंनी निबंध टेबलावर आपटला.

"कुठूनच नाही, बाई," स्वरूपा म्हणाली.

बाईंचा विश्वास बसेना. धड्यातली म्हातारी मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय, असं अख्ख्या वर्गानं गाईडमधून जसंच्या तसं लिहिलं होतं. ही एकटीच म्हणत होती, की म्हातारीला मुलगा परत यायलाच नकोय. असला विचार दहावीतल्या पोरीला सुचतो होय? नक्की त्या क्लासवाल्या सरांचं काम!

"कशावरून म्हणतेस? दाखव धड्यात."

स्वरूपानं पुस्तक उघडलं. "दार उघडं ठेवते ते गावाला दिसावं म्हणून, बाई. भात मात्र रोज एकटीपुरताच टाकते. ही ओळ बघा ना."

बाईंनी ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"मग गाईडमध्ये असं का नाही?" त्यांचा आवाज उतरला होता.

"लिहिणाऱ्यानं धडा वाचलेलाच नसणार, बाई."

बाईंनी टेबलावरचं गाईड हळूच खणात सरकवलं. कव्हरवर लेखक म्हणून 'अनुभवी शिक्षक' एवढंच छापलं होतं. नाव घालू नका, असं त्यांनीच तर प्रकाशकाला बजावलं होतं.